बोलणे आणि त्याचा कागद

संकलकाच्या टेबलावर दोन गोष्टी येतात. एक चित्रण, दुसरा कागद. कथापट असेल तर कागद आधी तयार असतो. त्याला संहिता म्हणतात. माहितीपट असेल तर तो नंतर तयार होतो. मुलाखती ऐकून कोणीतरी त्या शब्दशः उतरवून काढतो. पुढचे काम दोन्हींत वरवर सारखेच दिसते. कागदावरची अमुक ओळ कोणत्या क्लिपमध्ये कितव्या सेकंदाला आहे ते शोधायचे आणि दोहोंची गाठ मारून ठेवायची, म्हणजे हवी ती ओळ हवी तेव्हा हाताशी येते. हे काम पूर्वी पेन्सिलीने होत असे. आता संकलनाचे सॉफ्टवेअर ते आपणहून करते, आणि फार पटकन करते.

या सोयीचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. समीक्षेने मात्र तिची दखल घेतलेली नाही. आपल्याकडे चित्रपटाबद्दलचे लेखन दिग्दर्शन, अभिनय, छायाचित्रण, फार तर ध्वनी इथपर्यंत येऊन थांबते. संकलनाची वेळ आली की 'आटोपशीर' या एका शब्दावर भागते. म्हणून हा विषय इथे घेतला आहे. माझे म्हणणे असे आहे की कागद आणि चित्रण यांची गाठ दोन प्रकारे मारता येते आणि आपण ते दोन प्रकार एकच समजतो. एक प्रकार संकलकाला चित्रणाकडे पाठवतो, दुसरा त्याला चित्रणापासून दूर नेतो. मराठी माहितीपटात सध्या दुसरा वाढतो आहे, आणि तोही अशा यंत्राच्या भरवशावर, ज्याला वाचून दाखवलेली मराठी कळते, बोललेली फार कमी कळते.

आधी पेन्सिलीबद्दल. कथापटाच्या सेटवर कंटिन्युइटी पाहणारी व्यक्ती संहितेच्या पानावर उभ्या रेघा मारते. एका टेकची एक रेघ. टेक ज्या संवादापाशी सुरू झाला तिथून रेघ निघते, जिथे 'कट' म्हटले तिथे थांबते, आणि तिच्या डोक्यावर स्लेटवरचा क्रमांक लिहिलेला असतो. बोलणारे पात्र कॅमेऱ्यासमोर असेल तर रेघ सरळ, नुसता आवाज असेल आणि कॅमेरा दुसरीकडे असेल तर नागमोडी. दिवसाच्या शेवटी ते पान पाहिले की कळते, या वाक्यावर सहा रेघा आहेत आणि त्या वाक्यावर एकच. म्हणजे इथे निवडायला सहा पर्याय आहेत, तिथे काही इलाज नाही. अशा पानाला कामाच्या भाषेत 'लाइन्ड स्क्रिप्ट' म्हणतात. चित्रपट कसा घडला याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नसेल. मराठी चित्रपटांची अशी पाने जपून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रुजलीच नाही, हे जाता जाता नोंदवतो.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी मालिकांसाठी एडिफ्लेक्स नावाची संकलन-यंत्रणा आली. एड्रियन एटलिंगर या अभियंत्याने तिच्यात या रेघा पडद्यावर आणल्या. पुढे अ‍ॅव्हिडने तीच कल्पना उचलली. पण ओळ आणि क्लिप यांची गाठ तेव्हाही माणसालाच, एकेक करून, मारावी लागे. २००७ मध्ये अ‍ॅव्हिडची 'स्क्रिप्टसिंक' ही सोय आली आणि हे काम यंत्राकडे गेले. नेक्सिडिया या कंपनीचे तंत्र तिच्यामागे होते. त्याची रीत सांगण्यासारखी आहे. यंत्र आधी संहितेतल्या अक्षरांचे उच्चारांत रूपांतर करते, मग क्लिपमधल्या आवाजात तोच उच्चारक्रम कुठे सापडतो ते पाहते, आणि सापडला की ओळीवर खूण करते. यंत्राला अर्थ कळण्याची गरज नाही. त्याला फक्त अंदाज असावा लागतो की या अक्षरांचा आवाज साधारण असा होईल. २०१४च्या सुमारास ही सोय बाजारातून गेली आणि २०१७ मध्ये परत आली. मधल्या काळात केवळ तिच्यासाठी जुनी आवृत्ती धरून बसलेले संकलक होते, यावरून तिची किंमत कळावी.

ही गाठ कोणत्या दिशेने काम करते ते इथे पाहायला हवे. नटीने एक वाक्य बारा वेळा म्हटले आहे. कागदावर ते एकदाच आहे. संकलक त्या ओळीवर टिचकी मारतो आणि बाराही टेक एकापाठोपाठ ऐकतो. चौथ्यात तिने मध्येच श्वास घेतला आहे, नवव्यात शेवटचा शब्द गिळला आहे. शब्द तेच आहेत, म्हणून शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही. ऐकावेच लागते, पाहावेच लागते. कागद इथे दारासारखा आहे, त्यातून आत जायचे असते.

२०२३ मध्ये अ‍ॅडोबीच्या प्रीमिअर प्रोमध्ये मजकुरावरून संकलन करण्याची सोय आली आणि त्याच वर्षी दा विंची रिझॉल्व्हनेही बोलण्याचा मजकूर काढून द्यायला सुरुवात केली. इथे संहिता आधीची नाही. यंत्र मुलाखत ऐकते, तिचा मजकूर स्वतः तयार करते आणि पडद्यावर मांडते. संकलकाने तो लेखासारखा वाचायचा. आवडलेले वाक्य निवडले की त्याची क्लिप टाइमलाइनवर जाऊन बसते. वाक्य खोडले की चित्रण खोडले जाते. परिच्छेद वरखाली केले की चित्रपट वरखाली होतो. इथे प्रत्येक वाक्य एकदाच बोललेले असते, तुलना करायला दुसरा टेक नसतो, म्हणून ऐकण्याची सक्तीही नसते. कागद चित्रणाच्या जागी येऊन बसतो. सॉफ्टवेअरमधल्या दोन खिडक्या शेजारी ठेवल्या तर या दोन सोयी जुळ्या बहिणी वाटतात. कामात त्या विरुद्ध तोंडांनी चालतात.

या मजकुरात माणूस गप्प बसला की चौकोनी कंसात तीन टिंबे येतात. एका आज्ञेत सगळी टिंबे निवडता येतात आणि एका आज्ञेत काढून टाकता येतात. इंग्रजीतले 'अम्', 'अह्' यांचीही तीच वासलात. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मी दोष देत नाही. व्याख्यान देणाऱ्या माणसाच्या फितीसाठी ही सोय उत्तम आहे. पण माहितीपटात गप्प बसणे हा पुष्कळदा मुलाखतीचा गाभा असतो. मराठी माणूस तर 'म्हणजे', 'आपलं ते', 'काय ते', 'असू दे' यांतच निम्मे सांगतो. 'असू दे' हे भरतीचे शब्द आहेत की निकाल आहे, हे चेहरा पाहिल्याशिवाय कसे ठरवणार?

माझी संकलनाची खोली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, तो समारंभ यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली याच इस्टेटमध्ये झाला होता. क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते आणि दोन्ही बाजूंना गाळे ही जुनी रचना अजून टिकून आहे. गाळ्यांच्या आत मात्र पुष्कळ बदल झाला. मोठे कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि मधल्या फटींत छापखाने, छोटी वर्कशॉप्स आणि आमच्यासारख्या खोल्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी इथल्याच निवृत्त कामगारांवरच्या एका माहितीपटाचे काम माझ्याकडे आले. किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या वस्त्यांतून घेतलेल्या मुलाखती, एकूण चित्रण चाळीस तास. कोणी सातारा-सांगलीकडून आलेले, कोणी कोकणातून, कोणी खानदेशातून, काही उत्तर प्रदेशातले, आणि काही इथलेच, ज्यांच्या शेतांवर ही इस्टेट उभी राहिली असे आगरी. पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः या चाळीस तासांच्या आधारावर.

निर्मात्याने मुलाखतींचा मजकूर यंत्राकडून काढून घेतला होता. प्रीमिअरच्या तेव्हाच्या भाषांच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. घाईत असलेले लोक हिंदी निवडून मराठी मुलाखत चालवतात. मग 'पाणी'चे 'पानी' होते, 'नाही'चे 'नहीं' होते आणि मजकूर असा दिसतो, जणू एखादा पाहुणा आपल्या घरचे भांडण दाराआडून ऐकून त्याच्या घरच्यांना सांगतो आहे. आमच्या निर्मात्याने तसे केले नव्हते. त्याने 'व्हिस्पर' वापरले होते. ओपनएआय या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही ध्वनी-लेखन प्रणाली मराठीही जाणते असे सांगते. ते खोटे नाही. पण तिच्या पहिल्या आवृत्तीसोबत कंपनीने शिकवणीचा जो तक्ता दिला, तो पाहण्यासारखा आहे. एकूण ६,८०,००० तासांचा आवाज या प्रणालीने ऐकला. त्यात मराठी बोलणे आणि त्याचा मराठीतच लिहिलेला मजकूर अशी जोडी एक तासाचीही नव्हती. तमिळची शंभर तासांहून जास्त होती. पुढच्या आवृत्त्यांत सुधारणा झाली, तरी सुरुवात कुठून झाली हे ध्यानात ठेवायला हवे.

आपल्या देशातले प्रयत्न यापेक्षा गंभीर आहेत. चेन्नईच्या आयआयटीतील 'एआय फॉर भारत' या गटाने २०२२ मध्ये 'श्रुतिलिपी' हा संग्रह तयार केला. आकाशवाणीच्या बातम्यांचे ध्वनिमुद्रण आणि त्याच बातमीपत्रांचा छापील मजकूर दोन्ही उपलब्ध होते. ते ओळीओळीने जुळवून बारा भारतीय भाषांचा ६,४०० तासांहून मोठा साठा त्यांनी उभा केला. मराठी त्यात आहे. म्हणजे संहिता आणि ध्वनी जुळवण्याची जी युक्ती संकलकाच्या खोलीत ओळ शोधायला वापरतात, तीच इथे यंत्राला भाषा शिकवायला वापरली गेली. कल्पना सुंदर आहे. मात्र त्यातून यंत्र जी मराठी शिकते ती आकाशवाणीच्या निवेदकाची. आधी लिहिलेली, मग वाचलेली. संहितेपासून तसूभरही न हललेली.

आता लेथवर चाळीस वर्षे काढलेला माणूस त्या यंत्रापुढे बसतो. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, तेव्हा मराठीत ही गाठ सोपी असायला हवी असे कोणालाही वाटेल. इंग्रजीपेक्षा ती सोपी आहेच. 'जग' लिहिले तर ते पाण्याचे की सारे, एवढी अडचण उरते. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपण अक्षरात वेगळे दाखवत नाही. पण खरी अडचण अक्षरात नाही. आपण लिहितो ती मराठी आणि बोलतो ती मराठी यांत आपणच एक दरी ठेवली आहे. हा लेख मी 'केले', 'गेले', 'आले' असा लिहितो आहे. तोंडाने मी असे कधी बोललेलो नाही. वागळे इस्टेटमधला तो समारंभ झाला त्याच १९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम स्वीकारले. त्या नियमांनीही कोणाचे बोलणे दाखवायचे असेल तर ते उच्चाराप्रमाणे लिहावे अशी मोकळीक दिली आहे. यंत्र ती मोकळीक घेत नाही.

उदाहरण देतो. साताऱ्याकडचे एक गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे. कारखाना कधी बंद पडला या प्रश्नावर ते म्हणाले, "मशीन बंद पडल्यालं नव्हतं. आमालाच बंद केल्यालं." यंत्राने लिहिले, 'मशीन बंद पडले नव्हते आम्हालाच बंद केले'. चूक म्हणावी तर एकही नाही. अर्थ तोच आहे. कागदावर वाचले तर वाक्य बरे आहे, शब्दांचा खेळ आहे, कामगार संघटनेच्या पत्रकात शोभेल. चित्रणात मात्र 'केल्यालं' या शब्दात एक लांबलेला ल आहे, आणि त्यावर त्यांचा आवाज खाली बसत जातो. यंत्राने त्यांना शुद्ध करून घेतले. मला हे गोंधळापेक्षा जास्त धोक्याचे वाटते. गोंधळ असता तर कोणीतरी क्लिप उघडून पाहिली असती. मजकूर स्वच्छ असला की ती उघडायचे कारण उरत नाही.

गोंधळही होताच, आणि तो कोणाच्या वाट्याला आला हे पाहण्यासारखे होते. शाळा-कॉलेजात गेलेल्या सुपरवायझरांच्या मुलाखती यंत्राने जवळजवळ बिनचूक लिहिल्या. सातारा-सांगलीकडच्यांना शुद्ध करून लिहिले. आगरी वृद्धांचे त्याने काय केले? 'मना' म्हणजे 'मला'. यंत्राने त्याचे हिंदीतले 'मना' करून टाकले, मनाई या अर्थाचे, आणि पुढचे वाक्य त्याच दिशेने वाहवत नेले. एक आजी, जिच्या सासऱ्याचे शेत इस्टेटमध्ये गेले, पाऊण तास बोलली. तिच्या नावाच्या मजकुरात सलग तीन पानांवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा छापलेले होते. ऐकू आले नाही की ही प्रणाली अडकते आणि शेवटचे वाक्य घोकत बसते.

आता संकलनाची रीत आठवा. सहायक मजकूर वाचतो, शोधाच्या चौकटीत 'जमीन', 'शेत', 'मोबदला' असे शब्द टाकतो, आणि ज्या ज्या ठिकाणी ते सापडतात तिथली वाक्ये उचलून पहिला कच्चा जोड तयार करतो. आमच्याकडेही तो तसाच झाला होता. जोड सत्तर मिनिटांचा होता आणि बांधणी चोख होती. त्यात जमिनीबद्दल तीन माणसे बोलत होती. तिघेही जमीन गेल्यानंतर इस्टेटमध्ये आलेले, तिघांनीही ते ऐकून सांगितलेले. जिचे शेत गेले ती आजी कुठेच नव्हती, कारण शोधात ती सापडतच नव्हती. कोणी तिला वगळायचे ठरवले नव्हते. तिचे 'शेत' मजकुरात उमटले नव्हते, एवढेच.

इथे वॉल्टर मर्च आठवतो. 'अपोकॅलिप्स नाउ'च्या संकलनात काम केलेला हा माणूस १९९५ साली निघालेल्या आपल्या छोट्या पुस्तकात जुन्या संकलन-टेबलाची बाजू घेतो. त्याचे कारण असे, की त्या टेबलावर हव्या त्या शॉटपर्यंत जायचे तर आधीची रिळे फिरवत जावे लागे, आणि वाटेत न मागितलेले बरेच काही दिसे. संगणक मागितलेलेच देतो. आपण मागतो ते बरोबरच असेल कशावरून? मर्चच्या काळी मागायचे तरी चित्रच मागायचे. आता शब्द मागायचा, आणि तोही यंत्राला जसा ऐकू आला तसा.

मात्र सगळा दोष यंत्रावर ढकलला तर इतिहासावर अन्याय होईल. चित्रणाला कागदाच्या दावणीला बांधायची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती सरकारी आहे. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले. मुख्य चित्रपटाआधी त्यांचे लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे होते. दृश्ये एकच, संगीत आणि इतर आवाजांची पट्टीही एकच, आणि निवेदन तेवढे निरनिराळ्या भाषांत नव्याने ध्वनिमुद्रित. साहजिकच दृश्य असे हवे, ज्यावर कोणत्याही भाषेतले वाक्य बसेल. ओठ हलणारा माणूस अडचणीचा, कारण तो एकाच भाषेत बोलतो. म्हणून धरण, ट्रॅक्टर, हसणारी मुले. मराठी प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांनी माहितीपट म्हणजे वरून येणारा भारदस्त आवाज आणि खाली त्याला दुजोरा देणारी चित्रे असे मनाशी धरले, ते इथूनच. वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांच्या ज्या फिल्म आम्ही पोटासाठी करतो त्या अजून याच घराण्यातल्या आहेत. मार्केटिंग खात्याने मंजूर केलेली संहिता येते, आम्ही 'दर्जा' या शब्दावर मायक्रोमीटर लावतो आणि 'कुटुंब' या शब्दावर कँटीन.

त्याच संस्थेत १९६७ साली या सवयीविरुद्ध उत्तम बंड झाले. सुखदेव यांच्या 'इंडिया ६७'मध्ये निवेदनच नाही. एस. एन. एस. शास्त्री यांच्या 'आय अ‍ॅम ट्वेंटी'त स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली विशीतली मुलेमुली कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात, आणि त्यांचे बोलणे ज्या ठिकाणी तोडले आहे, ज्या चेहऱ्याशेजारी दुसरा चेहरा ठेवला आहे, त्यातून शास्त्रींचे म्हणणे कळते. त्या मुलाखतींचा नुसता मजकूर छापला तर तो वक्तृत्व स्पर्धेच्या पुस्तिकेसारखा वाचता येईल. चित्रपट त्या मजकुरात नाही.

कागद आणि बोलणे यांच्या नात्यावरचे सर्वांत मार्मिक भाष्य मात्र मराठीत एका कथापटाने केले आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ सालचा, संकलन रिखव देसाई यांचे. त्यावर लिहिताना समीक्षकांनी न्यायव्यवस्था, जात, शाहिरी या अंगांनी लिहिले आणि ते योग्यच होते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. न्यायालयात साक्षीदार बोलतो, वकील बोलतात, आणि मग न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात, काय नोंदवायचे ते. बोलणे एका भाषेत, नोंद दुसऱ्या भाषेत. माणूस अडखळत, वाक्य अर्धवट सोडत सांगतो. नोंद पूर्ण वाक्यांत होते. प्रेक्षकाने दोन्ही ऐकलेले असते. पुढे खटला चालतो तो नोंदीवर. मॅनहोलमध्ये मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्षीला उभी राहते तेव्हा ती त्रोटक उत्तरे देते, चेहरा जवळजवळ कोरा. त्या उत्तरांचा कागद केला तर अर्धे पान भरेल. कॅमेरा लांब उभा आहे आणि हलत नाही, त्यामुळे आपल्याला ती उभी कशी आहे ते दिसत राहते.

आणि देसाई-ताम्हाणे शॉट कुठे तोडतात ते पाहा. शेवटाकडे न्यायालय सुटीसाठी बंद होते. संवाद संपला आहे. माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात, खोली अंधारते, आणि शॉट चालूच राहतो. संहितेवर गाठी मारून बसलेल्या कोणत्याही यंत्राच्या लेखी तिथे काहीही नाही. एकही अक्षर नाही, एकही टिंब नाही. मजकुरावरून जोड केला असता तर तो शॉट शेवटच्या शब्दावर संपला असता आणि चित्रपटाचे वजन निम्म्याने उतरले असते.

माहितीपटात याचे तोलामोलाचे उदाहरण आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'चे (२०११). ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले, आणि त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पुढे चौदा वर्षे हे चित्रण चालले. घोगरे त्यात गाताना दिसतात ते पटवर्धनांनी 'हमारा शहर'च्या काळात, १९८०च्या दशकात, घेतलेल्या चित्रणातून. ते घेताना हा माणूस पुढे कशाचे प्रतीक होणार आहे हे कोणालाही माहीत नव्हते, आणि कोणत्याही संहितेत ती ओळ नव्हती. ज्याने ते चित्रण डोळ्यांत साठवून ठेवले होते त्यालाच ते बरोबर जागी आठवले. पटवर्धन आपल्या चित्रपटांचे संकलन स्वतः करतात, याचा इथे संबंध आहे.

या सगळ्यावर निर्मात्यांचे एक उत्तर असते आणि ते खरे असते. चाळीस तास चित्रण नीट पाहायचे तर दोन आठवडे जातात. मराठी माहितीपटाच्या अंदाजपत्रकात ते दोन आठवडे कुठेच लिहिलेले नसतात. दिवसाला एक भाग देणाऱ्या मालिकेच्या संकलकाला तर हे बोलणेच चैनीचे वाटेल. मजकूर काढणारे यंत्र नसते तर आमच्यासारखे कितीतरी चित्रपट सुरूच झाले नसते, हे मी मान्य करतो, आणि मीही ते वापरतो. तारखा, कारखान्यांची नावे, कोण कोणत्या साली लागला, हे शोधायला त्याच्यासारखा मदतनीस नाही. माझी हरकत क्रमाला आहे. आधी वाचन आणि मग गरज पडली तर पाहणे, या क्रमाला. चित्रण एकदा सलग पाहून झाले की मजकूर आठवणीला मदत करतो. आधी मजकूर वाचला तर आठवण मजकुराचीच तयार होते.

आमच्या कामात शेवटी दिग्दर्शिकेने ते दोन आठवडे मिळवले. कसे, ते तिचे तिला माहीत. आम्ही चाळीस तास सलग पाहिले. आजीचा पाऊण तास एका आगरी तरुणाला शेजारी बसवून पाहिला. त्याने तो हाताने लिहून काढला, 'मना'ला 'मना'च ठेवून. त्यातली नऊ मिनिटे चित्रपटात आहेत, खाली प्रमाण मराठीत उपशीर्षके. ती द्यावीत का यावर बराच वाद झाला. आगरी ठाण्याचीच भाषा आहे, तिला ठाण्यात उपशीर्षके लावायची म्हणजे काय, असे तो तरुण म्हणत होता. त्याचे म्हणणे मला अजूनही खोडता आलेले नाही.

'केल्यालं'वाल्या गृहस्थांची आणखी एक क्लिप होती. शेवटच्या दिवशी काय केले, असा प्रश्न होता. मजकुरात प्रश्न होता, मग तीन टिंबे, मग 'काय नाही, घरी आलो'. पहिल्या जोडात ही क्लिप घेतली नव्हती. वाचून कोणीच घेतली नसती. चित्रणात ती टिंबे अकरा सेकंदांची आहेत. त्या वेळात ते उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावरून सावकाश फिरवत राहतात. लेथवरून उतरवलेल्या जॉबचे फिनिशिंग तपासायची ही कामगारांची जुनी खोड आहे. हातात त्या वेळी काहीच नव्हते. आम्ही ते अकरा सेकंद पूर्ण ठेवले आणि त्यांचे वाक्य कापले.

तेव्हापासून मजकुराच्या जोडीला आम्ही जुन्या पद्धतीची नोंदवही ठेवतो. टाइमकोड, माणूस, बोली, आणि चौथा रकाना 'काय दिसते' असा. भरायला वेळ लागतो. नव्या मुलांना तो रकाना भरायला सांगितला की पहिले दोन दिवस ती त्यातही माणसे काय बोलली तेच लिहितात.